मालदीवमधील आंतरराष्ट्रीय पर्यटन

मालदीवमधील आंतरराष्ट्रीय पर्यटन हा मालदीव या हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्राचा सर्वांत मोठा व्यवसाय आहे. इ.स. १९७२ मध्ये सुमारे एक हजार परदेशी पर्यटकांपासून सुरू झालेल्या या व्यवसायाने २०२४ मध्ये २० लाख पर्यटकांचा टप्पा ओलांडला. देशाच्या सकल राष्ट्रीय उत्पादनातील सुमारे चौथा हिस्सा आणि परकीय चलनाच्या मिळकतीतील ६० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनातून येतो. मासेमारीवर जगणारा एक गरीब देश पर्यटनामुळे दक्षिण आशियातील सर्वाधिक दरडोई उत्पन्न असलेला देश झाला. त्याचबरोबर एकाच व्यवसायावरील अवलंबित्व, मिळकतीची परदेशात होणारी गळती, कचरा, प्रवाळांची हानी आणि लाभाची विषम वाटणी हे प्रश्नही निर्माण झाले. आंतरराष्ट्रीय पर्यटनाचे यजमान देशाला होणारे फायदे आणि तोटे अभ्यासण्यासाठी मालदीवचे उदाहरण वारंवार दिले जाते.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

मालदीव हा सुमारे १,१९० प्रवाळबेटांचा समूह असून ही बेटे २६ कंकणद्वीपांमध्ये विभागलेली आहेत. कंकणद्वीपासाठी जगभर वापरला जाणारा 'अटोल' हा शब्द मूळचा मालदीवच्या दिवेही भाषेतील आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ८७० कि.मी. पसरलेल्या या बेटांचे एकूण भूक्षेत्र मात्र जेमतेम ३०० चौ.कि.मी. आहे. सुमारे ८० टक्के भूमी समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे. कायम वस्ती असलेल्या बेटांची संख्या दोनशेपेक्षा कमी आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार होती. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक परदेशी होते आणि सुमारे दोन पंचमांश लोक राजधानी माले व तिच्या परिसरात राहत होते.

मध्ययुगात मालदीवच्या कवड्या बंगालपर्यंत चलन म्हणून वापरल्या जात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने येथे काझी म्हणून काम केले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुकवलेले कुपा (ट्यूना) मासे हीच प्रमुख निर्यात होती आणि ती मुख्यतः श्रीलंकेला जात असे. २६ जुलै १९६५ रोजी देश ब्रिटनच्या संरक्षणातून मुक्त झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेची बाजारपेठ आकसली, तर १९७६ मध्ये दक्षिणेकडील गन बेटावरील ब्रिटिश हवाई तळ बंद झाला. उत्पन्नाची दोन्ही पारंपरिक साधने अशा रीतीने एकाच दशकात खालावली. शेतीसाठी जमीन आणि कारखान्यांसाठी कच्चा माल नसलेल्या या देशापुढे फारसे पर्याय नव्हते.

पर्यटनाचा उदय

१९६०च्या दशकात मालदीवला भेट देणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी ही बेटे पर्यटनास योग्य नसल्याचे मत दिले होते, असे सांगितले जाते. त्या वेळी देशात बँक नव्हती, नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा नव्हती आणि बाहेरच्या जगाशी दळणवळणाची साधनेही अपुरी होती. फेब्रुवारी १९७२ मध्ये इटालियन पर्यटकांचा एक लहान गट मालेला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालेजवळील विहामानाफुशी बेटावर 'कुरुंबा' हे पहिले रिसॉर्ट ३० खोल्यांसह सुरू झाले. दिवेही भाषेत 'कुरुंबा' म्हणजे शहाळे. त्यामागोमाग बंडोस बेटावर दुसरे रिसॉर्ट उघडले.

१९८१ मध्ये हुलुले बेटावरील विमानतळाचे आंतरराष्ट्रीय विमानतळात रूपांतर झाले आणि युरोपातून थेट विमाने येऊ लागली. सागरी विमानांच्या सेवेमुळे पुढे दूरची कंकणद्वीपेही पर्यटनाच्या नकाशावर आली. २००० मध्ये सुमारे ४ लाख ६७ हजार पर्यटक आले. २०१३ मध्ये ही संख्या ११ लाखांवर, तर २०१९ मध्ये १७ लाखांवर गेली.

'एक बेट, एक रिसॉर्ट' धोरण

मालदीवच्या पर्यटनाचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. निर्जन बेट सरकारकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायचे आणि त्यावर एकच रिसॉर्ट उभारायचे, अशी ही पद्धत आहे. वीज, पाणी, सांडपाणी आणि कर्मचाऱ्यांचे निवास या सर्वांची व्यवस्था रिसॉर्टने स्वतः करावी लागते. इमारतींनी बेटाच्या जमिनीचा मर्यादित भागच व्यापावा आणि त्यांची उंची झाडांच्या शेंड्यांपेक्षा अधिक असू नये, असे नियम लागू करण्यात आले.

या धोरणाचे दोन हेतू होते. पहिला हेतू आर्थिक होता. सरकारजवळ रस्ते, वीजकेंद्रे व जलवाहिन्या उभारण्यासाठी पैसा नव्हता. तो खर्च गुंतवणूकदाराने करावा आणि सरकारला भाडे व कर मिळावेत, अशी ही योजना होती. दुसरा हेतू सांस्कृतिक होता. मालदीव हा पूर्णतः मुस्लिम समाजाचा देश असून वस्तीच्या बेटांवर मद्यविक्रीस बंदी आहे. पर्यटकांना वेगळ्या बेटांवर ठेवल्याने मद्य, डुकराचे मांस आणि पाश्चात्त्य पोशाख यांचा स्थानिक समाजाशी थेट संबंध येणार नाही, अशी अपेक्षा होती.

ही रचना अनेक वर्षे कायम राहिली. २००९-१० च्या सुमारास सरकारने वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे चालवण्यास मुभा दिली. मालेच्या दक्षिणेकडील माफुशी बेट हे या बदलाचे पहिले ठळक उदाहरण होय. त्यानंतर देशभर शेकडो अतिथिगृहे उघडली आणि मध्यम उत्पन्नाचे पर्यटकही येऊ लागले.

फायदे

परकीय चलन व सरकारी महसूल : मालदीव धान्य, भाजीपाला, औषधे, इंधन आणि बांधकाम साहित्य जवळजवळ संपूर्णपणे आयात करतो. या आयातीसाठी लागणारे डॉलर प्रामुख्याने पर्यटनातूनच मिळतात. सरकारला बेटांच्या भाड्याबरोबरच पर्यटन वस्तू व सेवा करातून उत्पन्न मिळते. २०११ मध्ये ३.५ टक्के दराने सुरू झालेला हा कर जानेवारी २०२३ मध्ये १६ टक्के, तर जुलै २०२५ मध्ये १७ टक्के करण्यात आला. नोव्हेंबर २०१५ पासून रिसॉर्टमधील प्रत्येक पर्यटकाकडून दररोज ६ डॉलर हरित कर घेतला जाऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये तो १२ डॉलर झाला. या करांचा भार मुख्यतः परदेशी पाहुण्यांवर पडतो, म्हणून स्थानिक लोकांवर मोठे कर न लादता शिक्षण व आरोग्यावर खर्च करणे सरकारला शक्य झाले.

जीवनमान : संयुक्त राष्ट्रसंघाच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून मालदीव १ जानेवारी २०११ रोजी बाहेर पडला. या यादीतून बाहेर पडलेल्या देशांची संख्या अत्यल्प आहे. साक्षरता व सरासरी आयुर्मान या दोन्हींबाबत मालदीव दक्षिण आशियात अग्रस्थानी असलेल्या देशांपैकी आहे. हे सर्व श्रेय केवळ पर्यटनाचे नसले, तरी त्यासाठी लागलेला पैसा मोठ्या प्रमाणात पर्यटनातूनच उभा राहिला.

रोजगार व स्थानिक उद्योजकता : रिसॉर्टमधील नोकऱ्यांखेरीज नौकाबांधणी, प्रवासी वाहतूक, पाणबुडी प्रशिक्षण, मासेविक्री आणि बांधकाम या क्षेत्रांत काम निर्माण झाले. अतिथिगृहांच्या धोरणामुळे वस्तीच्या बेटांवरील कुटुंबांना स्वतःच्या घरात वा जागेत व्यवसाय करता येऊ लागला. उपाहारगृहे, दुकाने आणि नौकासेवा यांची मिळकत बेटावरच राहू लागली.

निसर्गसंरक्षणास चालना : ज्या देशाचे उत्पन्न पारदर्शक समुद्र व जिवंत प्रवाळभित्तींवर अवलंबून असते, त्याला त्यांचे रक्षण करण्यात थेट आर्थिक हित असते. पाण्याखाली पाहुण्यांना दिसणारा जिवंत शार्क हा एकदा मारून विकलेल्या शार्कपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न देतो, हे अभ्यासांतून पुढे आले. २०१० मध्ये देशभर शार्कच्या मासेमारीवर बंदी घालण्यात आली. बा कंकणद्वीप २०११ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट झाले. तेथील हनिफारू उपसागरात मांटा जातीचे महाकाय पाकट मोठ्या संख्येने एकत्र येतात. त्यांना त्रास होऊ नये म्हणून तेथे श्वसन-सिलिंडर लावून पाणबुडी करण्यास मनाई असून पाहुण्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे.

तोटे

मिळकतीची गळती : पर्यटकाने खर्च केलेल्या पैशांपैकी जो भाग यजमान देशात न राहता बाहेर जातो, त्यास पर्यटन अर्थशास्त्रात गळती असे म्हणतात. मालदीवमध्ये ती अनेक मार्गांनी होते. सहलीचे आरक्षण बहुधा पर्यटकाच्याच देशातील कंपनीकडे होते आणि विमानप्रवासाचे पैसे परदेशी विमान कंपनीला मिळतात. रिसॉर्टचे व्यवस्थापन पुष्कळदा आंतरराष्ट्रीय हॉटेल समूहाकडे असते. ताटातील मासे व नारळ वगळता बहुतेक पदार्थ, तसेच वीजनिर्मितीसाठी लागणारे डिझेल आयात करावे लागते. परदेशी कर्मचारी आपल्या वेतनाचा मोठा भाग मायदेशी पाठवतात. त्यामुळे पर्यटनाची एकूण उलाढाल आणि देशात प्रत्यक्ष राहणारे उत्पन्न यांत मोठी तफावत पडते.

या तफावतीचा परिणाम चलनव्यवस्थेवरही होतो. पर्यटक डॉलरमध्ये पैसे देत असूनही देशातील बँकांत डॉलरची टंचाई जाणवते, कारण ही रक्कम पुष्कळदा परदेशी बँक खात्यांत जमा होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने रिसॉर्टना प्रत्येक पर्यटकामागे ५०० डॉलर देशातील बँकांत रुफिया या स्थानिक चलनात बदलून घेणे बंधनकारक केले. पुढे या नियमांना कायद्याची जोड देण्यात आली.

लाभाची विषम वाटणी : रिसॉर्टचे बेट हे जवळच्या गावापासून पूर्णपणे तुटलेले असते. पाहुणा विमानतळावरून थेट रिसॉर्टला जातो आणि तेथूनच परततो. परिणामी शेजारच्या बेटावरील दुकानदाराला वा नावाड्याला त्याच्या खर्चातून काहीच मिळत नाही. ज्या निर्जन बेटांवर पूर्वी गावकरी नारळ उतरवत व सरपण गोळा करत, ती भाडेपट्ट्याने गेल्यावर त्यांचा वापर बंद झाला. रिसॉर्टची मालकी व भागीदारी दीर्घकाळ मालेतील मोजक्या श्रीमंत घराण्यांकडे एकवटलेली होती.

बेटांच्या वाटपात गैरव्यवहारही झाले. २०१४-१५ या काळात निविदा न मागवता अनेक बेटे व खाजणे भाड्याने दिली गेली आणि त्यांपोटी आलेली सुमारे ८ कोटी डॉलरची रक्कम सरकारी तिजोरीत पोहोचलीच नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०१६ मधील अहवालातून उघड झाले. हे प्रकरण देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या भ्रष्टाचार प्रकरणांपैकी एक मानले जाते.

रोजगाराचे स्वरूप : रिसॉर्टमधील कामासाठी बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ व फिलिपिन्स येथून मोठ्या संख्येने कामगार येतात. वरिष्ठ पदांवर बहुधा परदेशी व्यवस्थापक असतात. स्थानिक तरुणांना महिनोन्‌महिने घरापासून दूर, कर्मचारी निवासात राहावे लागते. मद्य हाताळावे लागणारे काम आणि कुटुंबापासून दूर राहणे यांमुळे अनेक पालक मुलींना रिसॉर्टमध्ये नोकरी करू देत नाहीत. त्यामुळे देशातील सर्वांत मोठ्या व्यवसायात स्थानिक स्त्रियांचे प्रमाण फारच कमी राहिले. अतिथिगृहांमुळे घराजवळ काम मिळू लागल्याने ही स्थिती काही प्रमाणात बदलत आहे.

पर्यावरणावरील ताण : पाण्यावर उभारलेल्या निवासांसाठी आणि नवीन बेटांसाठी समुद्रतळाची वाळू उपसली जाते. पाण्यात मिसळलेला गाळ प्रवाळांवर बसतो आणि त्यांना मिळणारा सूर्यप्रकाश अडतो. एका ठिकाणी बांधलेला धक्का वाळूचे नैसर्गिक वहन रोखतो व बेटाच्या दुसऱ्या बाजूची धूप वाढवतो. गोडे पाणी मिळवण्यासाठी समुद्राचे पाणी निःक्षारित करावे लागते आणि त्यासाठी डिझेलवर चालणारी जनित्रे लागतात. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरांतील मागणीमुळे प्रवाळभित्तीवरील माशांची मासेमारीही वाढली.

कचरा ही सर्वांत उघड दिसणारी समस्या आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी मालेच्या पश्चिमेकडील थिलाफुशी या उथळ खाजणात कचऱ्याची भर घालून बेट तयार करण्यात आले. माले शहर व आसपासच्या रिसॉर्टचा कचरा तेथे अनेक वर्षे उघड्यावर जाळला जात असे आणि त्याचा धूर राजधानीतून दिसत असे.

यापेक्षा मोठे संकट तापमानवाढीचे आहे. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने अनेक भागांतील उथळ पाण्यातील ९० टक्क्यांहून अधिक प्रवाळ मृत झाले. सावरत असलेल्या प्रवाळांना २०१६ मध्ये पुन्हा फटका बसला. त्या वेळी पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ६० टक्के विरंजित झाल्याचे आढळले. तापमानवाढीत मालदीवचा स्वतःचा वाटा नगण्य आहे. तथापि पर्यटनाचा आधार असलेला लांब पल्ल्याचा विमानप्रवास हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात भर घालतो. लंडनहून मालेला येणारा प्रवासी एका दिशेने सुमारे साडेआठ हजार कि.मी. अंतर विमानाने कापतो. ज्या प्रवासावर देश जगतो, तोच प्रवास त्याच्या अस्तित्वाला असलेल्या धोक्यात भर घालतो, हा विरोधाभास धोरणकर्त्यांपुढे कायम आहे. समुद्रपातळीच्या वाढीकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी १७ ऑक्टोबर २००९ रोजी मालदीवच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली होती.

सामाजिक व सांस्कृतिक तणाव : अतिथिगृहे वस्तीत आल्यावर पोशाखाचा प्रश्न पुढे आला. यावर तोडगा म्हणून अनेक बेटांवर पर्यटकांसाठी आडोसा केलेले स्वतंत्र किनारे राखून ठेवले आहेत. मद्याबाबत रिसॉर्टला एक आणि गावाला दुसरा नियम असल्याने धार्मिक गट वेळोवेळी आक्षेप घेतात. डिसेंबर २०११ मधील निदर्शनांनंतर सरकारने रिसॉर्टमधील स्पा बंद करण्याचा आदेश दिला, परंतु काही दिवसांतच तो मागे घेतला. २९ सप्टेंबर २००७ रोजी मालेतील सुलतान पार्क येथे झालेल्या बॉम्बस्फोटात १२ परदेशी पर्यटक जखमी झाले होते.

अवलंबित्व आणि संकटे

एकाच व्यवसायावर उभी असलेली अर्थव्यवस्था बाहेरच्या घटनांपुढे किती हतबल ठरते, हे मालदीवने तीन वेळा विशेषत्वाने अनुभवले.

२० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मालदीवला अल्पविकसित देशांच्या यादीतून वगळण्याचा ठराव केला. त्यानंतर सहाच दिवसांनी आलेल्या त्सुनामीत १००हून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले आणि सकल राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे ६२ टक्के इतके नुकसान झाले. २००४ मध्ये सुमारे ६ लाख १७ हजार असलेली पर्यटकसंख्या २००५ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आली. यादीतून बाहेर पडण्याची प्रक्रिया त्यामुळे काही वर्षे पुढे ढकलावी लागली.

दुसरे संकट कोविड-१९ महासाथीचे होते. २७ मार्च २०२० रोजी देशाने पर्यटकांना प्रवेश बंद केला. त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकुंचन पावली. जगात सर्वाधिक फटका बसलेल्या देशांपैकी हा एक होता. मात्र १५ जुलै २०२० रोजीच सीमा पुन्हा खुल्या करण्यात आल्या. या टप्प्यावर 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही रचनाच उपयोगी पडली, कारण प्रत्येक रिसॉर्ट हे आपोआप विलग असलेले ठिकाण होते. २०२१ मध्ये १३ लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती.

तिसरा प्रसंग राजनैतिक होता. जानेवारी २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर अवमानकारक मजकूर लिहिला. त्यांना निलंबित करण्यात आले, तरी भारतात मालदीवच्या सहलींवर बहिष्काराची मोहीम सुरू झाली. २०२३ मध्ये २ लाखांहून अधिक पर्यटकांसह प्रथम क्रमांकावर असलेला भारत २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३० हजारांवर घसरला. चीन व युरोपातील पर्यटकांमुळे एकूण संख्या मात्र वाढली. बाजारपेठ अनेक देशांत विभागलेली असण्याचे महत्त्व या प्रसंगातून स्पष्ट झाले.

इतर यजमान देशांशी तुलना

हिमालयातील भूतानने पर्यटकांच्या संख्येपेक्षा प्रत्येक पर्यटकाकडून मिळणाऱ्या उत्पन्नावर भर दिला. तेथे बहुतेक परदेशी पर्यटकांकडून दर रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क घेतले जाते. २०२२ मध्ये ते २०० डॉलर होते, तर २०२३ मध्ये १०० डॉलर करण्यात आले. थायलंडने गर्दीमुळे प्रवाळांची हानी झालेला माया उपसागर जून २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये मर्यादित प्रवेशासह पुन्हा उघडला. मालदीवचा मार्ग या दोहोंच्या दरम्यान आहे. रिसॉर्ट महागडे असल्याने प्रतिपर्यटक उत्पन्न अधिक आहे, परंतु एकूण संख्येवर कमाल मर्यादा नाही. शेजारच्या लक्षद्वीपची भूरचना मालदीवसारखीच असून त्यातील मिनिकॉय बेटावर दिवेहीचेच एक रूप बोलले जाते. तेथे पर्यटनविकासाचे निर्णय घेताना मालदीवच्या अनुभवाचा विचार होणे स्वाभाविक आहे.

मूल्यमापन

पर्यटनाशिवाय मालदीवने इतक्या अल्प काळात गरिबीवर मात केली असती, असे मानण्यास फारसा आधार नाही. जमीन, खनिजे व मोठी बाजारपेठ यांपैकी काहीच नसलेल्या देशाला समुद्र व किनारे हेच भांडवल उपलब्ध होते. परंतु हे भांडवल खर्च होऊ शकणारे आहे. प्रवाळभित्ती लाटांचा जोर अडवतात आणि त्यांच्याच चुऱ्यातून किनाऱ्यांची पांढरी वाळू तयार होते. त्या नष्ट झाल्यास रिसॉर्टसह वस्तीची बेटेही असुरक्षित होतात.

मालदीवच्या अनुभवावरून असे दिसते की, पर्यटनाचे फायदे व तोटे हे केवळ पर्यटकांच्या संख्येवर ठरत नाहीत. भाडेपट्टे कोणाला व कशा पद्धतीने दिले जातात, मिळालेले परकीय चलन कोठे जमा होते, स्थानिक लोकांना कोणत्या पदांवर काम मिळते आणि कचरा व सांडपाण्याचा खर्च कोण उचलतो, यांवर ते अवलंबून असतात. १९७२ ची रचना गुंतवणूक आणण्यात यशस्वी ठरली, पण तिने गावांना लाभापासून दूर ठेवले. अतिथिगृहांच्या धोरणाने गावांना लाभ मिळवून दिला, पण त्याबरोबर कचरा, पाणी आणि सांस्कृतिक तणाव यांचा भार वस्तीच्या बेटांवर आला. या दोहोंचा मेळ घालणे आणि मासेमारीसारख्या इतर व्यवसायांना बळ देणे ही मालदीवपुढील मुख्य आव्हाने आहेत.